डाव्या सीटसमोरचं बटण

मे महिन्याच्या दुपारी अंगाची लाही होत असताना आमच्या ट्रकला वाटायचं, बाहेर कडाक्याची थंडी पडली आहे. तसं त्याला वाटावं अशी व्यवस्था आम्हीच केली होती.

व्यवस्था अगदी स्वस्तातली होती. हल्लीच्या डिझेल ट्रकच्या इंजिनाला एक छोटा सेन्सर असतो. आत येणारी हवा किती गरम आहे, एवढंच तो सांगतो. त्याच्या सांगण्यावरून इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. हवा गरम असली की हात आखडता, थंड असली की जरा सढळ. त्या सेन्सरच्या तारेत तुरीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर घातला की कॉम्प्युटर फसतो. त्याला वाटतं पौषातली पहाट आहे. तो डिझेल जास्त सोडतो आणि गाडी चढावर जोर धरते. रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा रेझिस्टर चहाच्या किमतीत मिळतो.

हा उद्योग चढापुरताच करायचा असतो. सपाट रस्त्यावर चालू ठेवला तर धूर काळा येतो, डिझेल वाया जातं आणि इंजिनाला खरोखरचा ताप चढतो. म्हणून मध्ये एक बटण लागतं. चढ आला की लावायचं, माथ्यावर पोचलं की काढायचं. मला लिहायचं आहे ते त्या बटणाबद्दल. ते ड्रायव्हरच्या हाताशी नव्हतं, डाव्या सीटसमोर होतं. आणि एक अख्खा उन्हाळा त्या सीटवर मी बसले होते.

ट्रक आमचा स्वतःचा होता. सहा चाकी, नागपुरातून जुना घेतलेला, डॅशबोर्डवर पंचशीलाचा छोटा झेंडा चिकटवलेला. नवरा तो चालवायचा. सावली हे आमचं गाव, तिथून किराणा भरायचा आणि भामरागडला उतरवायचा. तिकडे पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद होतो, त्यामुळे दुकानदार उन्हाळ्यातच कोठ्या भरून ठेवतात. होळीपासून मृगापर्यंत आमचा हंगाम. मीठ, तेलाचे डबे, साबण, बिस्किटं, छत्र्या, टॉर्चचे सेल. माल चढवताना यादी माझ्या हातात असायची. आधी जड, मग हलकं. ओलं होणारं मध्ये, आधी उतरायचं ते दाराशी. हे मला आवडतं. घरी ब्लाऊज शिवायचं कामही मी असंच करते, माप, अस्तर, हुक, देण्याचा दिवस, ओळीने. माल चढला, ताडपत्री बांधली, की ट्रक निघायचा आणि मी मशीनवर बसायची.

नवरा घरी असला की झोपलेला असायचा. ही तक्रार नाही. ड्रायव्हरच्या बायकोने नवऱ्याच्या झोपेवर तक्रार करू नये, ती झोप म्हणजे पुढच्या फेरीची सुखरूपता. पण मुलगी नर्सिंगला नागपूरला गेल्यापासून घरात आवाज होता तो मशीनचा. आम्ही बोलायचो तेही निरोप दिल्यासारखं. दुकानदाराचा फोन आला होता. सिलिंडर संपत आलं. मागचा टायर बघून घ्या. आमचं लग्न झालं, मुलगी मोठी झाली, पण आम्ही दोघं शेजारी शेजारी, जागे, काही काम नसताना बसलो आहोत, असं एकही चित्र मला आठवत नव्हतं.

त्या वर्षी आमचा क्लीनर बायकोमुलांना घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि तिकडेच राहिला. आमच्या भागातून दरवर्षी माणसं जातात, होळीला परत येतात. तो आला नाही. त्याच सुमारास ट्रकची ओढ कमी झाली. आलापल्लीच्या पुढे जंगलात रस्ता वर-खाली होतो. भरला ट्रक त्या चढांवर दमायचा, मागे गाड्यांची रांग लागायची आणि मागचे ड्रायव्हर खिडकीतून हात काढून आमच्या नवऱ्याच्या कुळाचा उद्धार करायचे.

त्याने फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तो मिस्त्रीला दाखवला. मिस्त्री मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवर टपरीत बसतो. नवऱ्याचा जुना दोस्त, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. आधी तो हसला. म्हणाला, असे व्हिडिओ पाहून लोक गाडीला पंख पण लावतात. मग त्याने व्हिडिओ पुन्हा पाहिला, केबिन उचलून सेन्सर शोधला, आणि त्याचे डोळे चमकले. मी तेव्हा तिथेच होते, डबा घेऊन गेले होते. मिस्त्रीने मला मीटर धरायला लावलं. मीटरवरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा, त्याने रेझिस्टर बदलून पाहायचा. मोठा घातला तर समोरचा पिवळा दिवा लागायचा, लहान घातला तर काही फरकच पडायचा नाही. एक मधला जमला.

तार आमच्या घरातल्या मोडक्या कूलरची होती. बटण घरातल्याच पंख्याच्या बोर्डावरचं, पांढरं, टक्क करून वाजणारं. सेन्सर इंजिनाच्या डाव्या अंगाला, केबिनमध्ये तार घ्यायचं भोकही डावीकडेच. मिस्त्रीने तार आत ओढली, ती क्लीनरच्या गुडघ्यासमोर आली आणि संपली. तिथेच त्याने लाकडाच्या तुकड्यावर बटण ठोकलं.

नवरा म्हणाला, "इथी? माहा हात कसा पोचन?"

"क्लीनर दाबन ना भाऊ. त्याले दुसरं काम काय असते?"

"क्लीनर कुठी हाय?"

मिस्त्रीला ते आठवलं नव्हतं. दोघं बटणाकडे बघत उभे राहिले. कूलरची तार तेवढीच होती, दुकान बंद झालं होतं आणि माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. मी डब्याचं झाकण लावत म्हणाले, नवीन क्लीनर मिळेपर्यंत मी येते. येताना कोथिंबीर आणते म्हणावं, तसं सहज म्हणाले.  कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. सकाळी मी शिवणाची मशीन झाकली, पाण्याची कॅन आणि भाकरी घेतली आणि डावीकडून वर चढले.

केबिन इतकी उंच असते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ती खालून पाहिली होती. वर बसलं की वैनगंगेच्या पुलावरून कठड्यापलीकडची वाळू दिसते, वाळूतले कलिंगडांचे मळे, आमच्याकडच्या डांगरवाड्या, दिसतात, त्यात वाकलेली माणसं दिसतात. गडचिरोली गेलं, चामोर्शी गेलं, आष्टी गेलं, तोवर नवरा काही बोलला नाही. मला वाटलं, चूक झाली, ह्याला एकट्याची सवय आहे. आलापल्लीच्या पुढे साग दाट झाला आणि पहिला मोठा चढ समोर दिसला. त्याने गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "लाव थंडी."

मी बटण लावलं. टक्क. क्षणभर काही झालं नाही. मग इंजिनाचा आवाज खालून भरत आला, जसा विहिरीवरचा पंप पाणी धरतो तेव्हा बदलतो तसा, आणि ट्रक मिठाची पोती घेऊन वर सरकू लागला. पाठ सीटला टेकली ती मला कळली. माथ्यावर तो म्हणाला, "काढ." मी काढलं. आरशात मागे काळ्या धुराचा एक फुगा झाडांत विरत होता.

"खेचली," तो म्हणाला. आणि त्यानंतर तो बोलायला लागला.

काय बोलायचा? काही मोठं नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला तो ओळखत होता. कुठल्या हॉटेलचं कुठलं, कोणतं गाड्यांमागे धावतं, कोणतं नुसतं भुंकतं. भामरागडच्या अलीकडे एका वळणावर एक लंगडी कुत्री असायची, तिच्यासाठी तो भाकरीचा शेवटचा तुकडा राखून ठेवायचा. आमच्या घरी एक मांजर आलं तर तो ते हाकलायचा, म्हणून हे ऐकताना मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने मला दाखवलं, कुठल्या मोहाखाली सावली दुपारभर टिकते, कुठे माकडं ताडपत्री फाडतात, कुठल्या गावात म्हातारी पैसे न घेता पाणी देते पण गोंडीतून शिव्या देते. लहानपणी डांगरं चोरायला तो नदी पोहून जायचा हे मला तेव्हा कळलं. त्याला एका अरुंद पुलाची भीती वाटायची, हेही. तो पूल आला की तो आजही मनात काहीतरी पुटपुटायचा. काय ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खूप विचार केल्यावर मला वाटतं, तो बोलायचा कारण त्याला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं. समोर रस्ता होता. घरात समोरासमोर बसलं की दोन माणसांना विषय लागतो. केबिनमध्ये तो आपोआप येतो आणि मागे पडतो.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्याच फेरीत चढांची यादी केली आणि पाठ करून टाकली. दोन फांद्यांचा मोह, लाव. पाण्याची टाकी, काढ. वारूळ, लाव. शाळेची भिंत, काढ. तिसऱ्या फेरीपासून त्याला सांगावं लागायचं नाही. तरी तो सांगायचा, "लाव थंडी", आणि बटणावर बोट ठेवून बसलेली मी तेवढ्यासाठी थांबायची.

सावली गावात बोभाटा झालाच. समोरची बाई म्हणाली, "शिलाई सोडून क्लीनर झाली म्हनतात व तू." मी म्हणाले, झाली, पगार नाई पण फिरणं हाय. जंगलाच्या नाक्यावरचा माणूस पहिल्यांदा केबिनमध्ये डोकावला आणि नवऱ्याला विचारलं, बाई कोण. नवऱ्याने खर्रा गालात सरकवला आणि सरळ चेहऱ्याने सांगितलं, "गाडीची इलेक्ट्रिशन हाय." तेव्हापासून तो माणूस बांबू वर करताना मला नमस्कार करायचा आणि एकदा त्याने खरोखरच आपल्या पंख्याचं काय बिघडलं ते मला विचारलं. मी पाहिलं. बटणच सैल होतं.

पण मी विसरले नव्हते, मी तिथे होते ती क्लीनर मिळेपर्यंत. दर फेरीला परत येताना आष्टी मागे पडली की माझं मन धास्तावायचं. घरी कोणीतरी वाट बघत बसलेला असेल, म्हणेल, भाऊ, क्लीनर पाहिजे म्हणत होते ना.

तसा एक आलाही. शेजारच्या गावचा, धट्टाकट्टा, दोन मुलांचा बाप, आधी गिट्टीच्या गाडीवर असलेला. नवऱ्याने त्याला ओट्यावर बसवून चहा दिला, सगळं विचारलं. मी आत काज करत होते, सुई एकाच भोकातून दोनदा गेली. तो माणूस गेल्यावर मी विचारलं, ठरलं का. नवऱ्याने अंगणात जाऊन पिचकारी टाकली, परत आला आणि म्हणाला, "नाई जमत. तो खर्रा लय खाते."

मी सुईत नवा दोरा ओवला.

दुसरं संकट मिस्त्रीकडून आलं, आणि ते खरं संकट होतं. ऑइल बदलायला ट्रक त्याच्याकडे नेला होता. तो मला पाहून म्हणाला, "वैनी, तुमाले लय तरास होऊन राह्यला असन या धुळीत. अर्ध्या घंट्याचं काम हाय. हातभर तार जोडतो अन् बटण भाऊच्या हाताशी देतो. मंग बसा घरी आरामात."

त्याच्याकडे तार होती. हातात होती. लाल रंगाची, गुंडाळी केलेली. किती साधी गोष्ट होती ती. त्या पहिल्या दिवशी दुकान उघडं असतं तर तेव्हाच झाली असती. माझी ती सगळी जागा, पूल, वाळू, मोह, लंगडी कुत्री, हातभर तार कमी पडली म्हणून होती. आणि ही गोष्ट नवऱ्यालाही माझ्यासारखीच कळत असणार, पण ती बोलायची कशी? मला राहू द्या म्हणणं मला जमलं नसतं. मी चाळीशी ओलांडलेली बाई, मिस्त्रीच्या टपरीत उभी राहून काय म्हणणार, मला नवऱ्याशेजारी बसायचं आहे?

नवरा ट्रकच्या खाली होता. त्याचे पाय दिसत होते. खालूनच त्याचा आवाज आला.

"राहू दे. तार जोडली का सांधा ढिला होते."

"अरे मी सोल्डर करतो ना. सांधा ढिला होईल तर माहं नाव बदल."

"राहू दे म्हनलं ना," नवरा म्हणाला. "चालून राह्यलं ते बरं हाय."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पायांकडे पाहिलं. तो काही खुळा नव्हता. त्याने लाल तार खिळ्याला अडकवली आणि मला चहा मागवला. मी तो चहा प्यायले. तसा चहा मी पुन्हा प्यायले नाही. साखर जास्त होती, एवढं मात्र लक्षात आहे.

इथे पुढचंही लिहायला हवं, नाहीतर हे वाचून कोणी उठून आपल्या गाडीत रेझिस्टर घालायचा. माथा आला की काढायचं, हा नियम होता आणि सुरुवातीला आम्ही तो पाळला. पण हंगाम पुढे सरकला तसे चढ वाढत गेले. रस्ता तोच होता. चैत्रात आम्हाला जो उंचवटा दिसतही नव्हता, त्यालाही ज्येष्ठात थंडी लागू लागली. "लाव" म्हटलं की "काढ" म्हणेपर्यंत आम्ही दोघं एकाच कामात असायचो. तो म्हणायचा, मी करायची, ट्रक ऐकायचा. मग सपाटीवरही त्याला वाटायचं, पुढे चढ आहे, लावून ठेव. रिकामा ट्रक परत येतानासुद्धा. त्याला काही कारण नव्हतं. मला काही हरकत नव्हती. इंजिन एवढं डिझेल पीत होतं आणि आतून काजळत होतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, कारण मिस्त्रीने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शेवटची फेरी आभाळ भरलेलं असताना निघाली. भामरागडचे दुकानदार फोनवर फोन करत होते, नदी चढायच्या आत छत्र्या आणि मीठ पोचलं पाहिजे. वारुळाच्या चढावर मी बटण लावलं तेव्हा इंजिन भरून आलं नाही. शिट्टीसारखा बारीक आवाज आला, पिवळा दिवा लागला आणि ट्रक बैलगाडीच्या चालीने वर निघाला. मी बटण काढलं, पुन्हा लावलं. काही नाही. नवऱ्याने माझा हात बाजूला केला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "राहू दे. आता तिले खरंच थंडी भरली."

आम्ही पोचलो, सरकत सरकत. माल उतरवला, एकही पोतं भिजलं नाही. परतीचा रस्ता सबंध दिवस चालला. त्या दिवशी तो सर्वांत जास्त बोलला, ट्रकबद्दल सोडून सगळ्याबद्दल. मला त्या संथ परतीचा एकेक मैल आठवतो, आणि खरं सांगायचं तर ट्रक बिघडल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं नाही. ते नंतर झालं.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. टर्बो गेला होता, इंजेक्टर जळले होते, आत चुलीसारखी काजळी होती. दुरुस्ती करण्यापेक्षा विकणं बरं, असं तिघांनी बसून ठरवलं. हिशेब मीच मांडला आणि तो बरोबर होता. भंगारवाला नाही, पण भंगारवाल्याचा चुलतभाऊ म्हणावा अशा एका माणसाने ट्रक नेला. नेताना नवऱ्याने झेंडा काढून घेतला. लाकडाचा तुकडा आणि बटण तसंच गेलं. नव्या मालकाला ते कशाचं आहे हे कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

आता नवरा लोहखनिजाच्या गाडीवर आहे. तिकडे खूप गाड्या चालतात, एकसारख्या, नव्या. त्यांना जोर भरपूर. चढ आला तर कोणाला काही सांगावं लागत नाही, गाडी आपली आपण जाते. पगार महिन्याला येतो. नोकरी चांगली आहे. फक्त गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणी बसायचं नाही असा नियम आहे. तो नियम योग्य आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तोच केला असता.

पण मला करमत नाही. मी ब्लाऊज शिवते, याद्या करते, वेळेवर देते. दुपारी ऊन उतरलं की मला आठवतं, आत्ता आलापल्ली मागे पडली असती. मोह फुलले की कुठला मोह असेल ते डोळ्यांसमोर येतं. त्या लंगड्या कुत्रीला कोणी काही टाकतं का, हा प्रश्न मी कोणाला विचारणार? नवऱ्याची खनिजाची फेरी तिकडून जात नाही. संध्याकाळी त्याचा फोन येतो. जेवला का, हो. सिलिंडर आलं का, आलं. फोनवर त्याला बोलता येत नाही. फोन म्हणजे समोरासमोरच बसणं, फक्त तोंड दिसत नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, डाव्या सीटवर आता काय असते. 

"टिफीन," म्हणाला.

पण त्याच फोनमध्ये मागे खूप हॉर्न ऐकू येत होते. मी विचारलं, कुठे आहे. तो म्हणाला, लाईनीत. खनिज उतरवायच्या गेटापुढे गाड्यांची रांग लागते, चामोर्शीच्या पुढे, रस्त्याच्या कडेने. कधी दोन घंटे, कधी अर्धा दिवस. रांगेत गाडी उभी असते, गाडीएवढी जागा झाली की पुढे सरकते, पुन्हा उभी. मी फोन ठेवला आणि विचार केला, कोणी बसायचं नाही हा नियम चालत्या गाडीचा असणार. उभ्या गाडीचं काय?

दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन मी एसटीची वेळ पाहिली. सावलीहून गडचिरोली, तिथून आष्टीची गाडी. डबा केला. वांग्याची भाजी, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. त्याला कळवलं नाही, कळवलं असतं तर नको म्हणाला असता. गेटाच्या अलीकडे उतरले तेव्हा रांग नजर पोचेल तिथवर होती. सगळ्या गाड्या सारख्या, सगळ्यांवर तांबडी धूळ, सगळ्यांना ताडपत्री. कोणती कोणाची काही कळेना. मी रांगेच्या कडेने चालत निघाले. प्रत्येक केबिनकडे वर बघत, आणि वरून ड्रायव्हर माझ्याकडे बघत, ही बाई डबा घेऊन काऊन फिरून राह्यली म्हणून. एकाने विचारलंच, कोण पाहिजे बाई. मी सांगितलं. त्याने पुढच्याला ओरडून सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. माझं येणं माझ्याआधी रांगेतून पुढे गेलं. मी पोचले तेव्हा एका गाडीचं डावं दार उघडं होतं आणि नवरा टिफीन उचलून मागे ठेवत होता.

मी वर चढले. ही केबिन आणखी उंच. त्याने विचारलं नाही का आलीस. त्याने काचेतून समोर बघितलं आणि म्हणाला, पुढच्या गाडीवाला तेलुगू बोलते, सिरोंच्याचा आहे, झोप लागली की उठत नाई, मग सगळी रांग अडते. मग त्याने सांगितलं, इथे एक पांढरं कुत्रं येतं. मग सांगितलं, रात्रीच्या पाळीला जंगलात रस्त्यावर अस्वल दिसलं होतं, फोनवर सांगायचं राहून गेलं. भाकरी खाता खाता तो बोलत होता. मी ऐकत होते. समोर रस्ता नव्हता, दुसऱ्या गाडीची पाठ होती, पण तेवढं त्याला पुरत होतं.

पुढे जागा झाली. त्याने गाडी सरकवली नाही. मागून हॉर्न वाजला.

"सरकवा ना," मी म्हणाले.

"सरकवतो. घाई कोनाले हाय?"

तरी त्याने शेवटी सरकवली, एका गाडीएवढी. मग आणखी एका. गेट जवळ येत गेलं. इतका हळू प्रवास मी कधी केला नाही आणि इतका लवकर संपलेलाही कधी पाहिला नाही. सिरोंच्याचा माणूस त्या दिवशी झोपला नाही. गेटाच्या दोन गाड्या आधी नवरा म्हणाला, आता उतर, पुढे लोक बघतात. मी डबा पिशवीत घातला, पाण्याची कॅन त्याच्या हाताशी ठेवली, दार उघडलं. खाली बघत पाय टेकवत होते तेव्हा वरून आवाज आला.

"बुधवारी लाईन लय मोठी असते."

मी मान वर केली तोवर तो समोर बघत होता. गाडी आत गेली. मागून ती कुठलीही गाडी असू शकली असती. धूळ बसेपर्यंत मी कडेला उभी राहिले, मग रस्ता ओलांडून एसटीची वाट बघू लागले. ब्लाऊजं बुधवारची होती. ती मंगळवारी द्यावी लागणार होती.